बिनबापाचा ड्रायव्हर

कुंडलिकच्या खिशात लायसन होतं. पुण्याहून आणलेलं, मेणकापडात गुंडाळलेलं, आणि दिवसातून इतक्यांदा बाहेर काढून पाहिलेलं की मेणकापडाच्याच घड्या विरायला लागल्या होत्या. पण खिशात लायसन आहे म्हणून कुणी लॉरी हातात देत नाही, हे बारामतीच्या पेठेत हिंडायला लागल्यावर त्याला कळलं. लॉरीवाल्या मालकांची रीत ठरलेली. लायसन हातात घ्यायचं, उलटंसुलटं करायचं, कौतुकानं मान हलवायची आणि मग विचारायचं, आधी कुणाच्या गाडीवर होतास? कुणाच्याच नाही म्हटलं की लायसन परत. आधी कुणाच्या तरी गाडीवर असल्याशिवाय कुणी गाडी देईना, आणि गाडी दिल्याशिवाय माणूस कुणाच्या गाडीवर असणार कसा, हे विचारायची सोय नव्हती. त्यानं एका ठिकाणी विचारलं, तर मालकासकट हमालही हसले.

त्याची वाडी सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला. बाप भिमा बैलगाडी भाड्यानं हाकायचा. गुऱ्हाळावरच्या गुळाच्या ढेपा बारामतीच्या बाजारात पोचवायच्या आणि येताना कुणाची पेंड, कुणाचं मीठ घेऊन परतायचं, असा त्याचा जन्म गेलेला. कुंडलिकला पुण्याला धाडायची कल्पना भिमाचीच. त्यानं पेठेत लॉऱ्या वाढताना पाहिल्या, एका लॉरीत किती गाड्यांचा माल बसतो तेही पाहिलं, आणि एक दिवस पोराला म्हणाला, माझ्यामागं बैलाची शेपटं पिळीत बसू नकोस. आपलं पोट ज्यानं जाणार तेच आधी शिकून घ्यायचं, एवढी अक्कल वाडीत दुसऱ्या कुणाला नव्हती. म्हाताऱ्याला होती.

पुण्यात कुंडलिक लॉऱ्यांच्या एका अड्ड्यावर गाड्या धुवायला राहिला. शेजारच्या गावचा सोपान तिथं ड्रायव्हर होता. सुटीच्या दिवशी तो लष्कराच्या लिलावातली एक खटारा लॉरी कुंडलिकच्या हाती द्यायचा आणि आवारातल्या आवारात गोल गोल फिरवायला लावायचा. आवाराला भिंत होती. समोर ना म्हैस यायची ना माणूस. कुंडलिक इतका छान गोल फिरायला लागला की लायसन देणाऱ्या साहेबासमोरही तसाच फिरला आणि लायसन घेऊन गावाकडं आला. येताना सोपाननं कानमंत्र दिला होता. पहिली नोकरी खोटं बोलल्याबिगर मिळत नाही, कुणी विचारलं तर नाशिक लाईनीला दोन वर्षं होतो म्हण, तिथं कोण बघायला जातंय?

कुंडलिक खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. पण वाडीत राहणं दिवसेंदिवस अवघड व्हायला लागलं. भिमानं साऱ्या गाडीवानांना सांगून ठेवलं होतं की आमचा कुंडलिक आता डायवर झाला. पाणवठ्यावर, देवळापाशी, जो भेटेल तो विचारायचा, काय डायवर, गाडी कुठं लावली? हसत विचारायचे, वाईट कुणाच्या मनात नसायचं. कुंडलिक मात्र आडवाटेनं घरी जायला लागला. आई, ठमाबाई, भाकरी वाढताना काही बोलायची नाही, आणि तिचं ते न बोलणंच त्याला जास्त लागायचं.

शेवटी तो मोहनरावांच्या वखारीत गेला. मोहनराव गुळाचे नि किराण्याचे व्यापारी. काळी टोपी, तोंडात सदा लवंग, आणि माणसाकडं बघण्याची तऱ्हा अशी की बाजारात जनावराचे दात बघावेत. त्यांचा आधीचा ड्रायव्हर आजारी पडून गावी गेला होता आणि इंदापूरला जायची मिठाची पोती वखारीत अडून होती. कुंडलिकनं लायसन पुढं केलं. नेहमीचा प्रश्न आला. कुंडलिकनं नाशिक लाईनीची दोन वर्षं सांगून टाकली. सांगताना मान खाली गेली, पण मोहनरावांना ती अदब वाटली.

मग ते आपलं दुःख सांगायला लागले. मागच्या साली त्यांनी एका गाडीवानाच्या पोराला गाडीवर घेतलं होतं. समोर म्हैस आली, तर ब्रेक दाबायचा सोडून पठ्ठ्या स्टेअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढत बसला. लॉरी गेली कालव्यात. गूळ विरघळला, पाणी गोड झालं आणि गावानं महिनाभर चेष्टा केली.

“बैल हाकलेला हात मला नको,” मोहनराव म्हणाले. “गाडीवानाचं पोरगं कितीबी शिकलं तरी ऐन वक्ताला बैलच आठवतो त्याला. तुजे वडील काय करत्यात?”

वखारीबाहेर, रस्त्याच्या पलीकडं, बैलगाड्यांचा तळ होता. सकाळीच भिमा गुळाच्या ढेपा घेऊन बाजारात आला होता, आणि आता तळावर बैलांना पाणी दाखवत असणार, हे कुंडलिकला पक्कं ठाऊक होतं. दारातून मान काढली असती तर पटकाही दिसला असता. 

“वडील न्हाईत,” तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, की काहीच झालं नाही. हमाल पोती उचलत होते, माश्या गुळावर बसत होत्या. मोहनरावांचा चेहरा मात्र बदलला. लवंग गालात सरकवून ते म्हणाले, माझाबी बाप असाच लवकर गेला, लोकांच्या दारात वाढलो. चल, गाडी काढ. आज इंदापूरला मी तुझ्याशेजारी बसतो. गाडी नीट नेलीस तर कायमचा.

मोहनरावांच्या वखारीत एक रिवाज होता. नवा माणूस पहिल्यांदा गाडीवर बसायचा तेव्हा त्याच्या घरचं वडीलधारं माणूस येऊन पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि नारळ फोडायचं. आधीच्या ड्रायव्हरचा आजा चालत आला होता त्यासाठी. कुंडलिकसाठी कोण येणार? मोहनरावांनी स्वतःच टोपी सारखी केली, स्वतःच लिंबू ठेवलं, नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवत म्हणाले, आजपासून मीच तुझ्या बापाच्या जागी समज. कुंडलिकनं खोबरं तोंडात टाकलं, पण गिळवेना. रस्त्यापलीकडं बघायची त्याला हिंमत झाली नाही. अशा वेळी माणसानं मरून जावं म्हणतात, पण हा तर आपल्या जागी बापालाच मारून बसला होता.

पोती लादून होईतो बराच वेळ गेला, मग हँडल फिरवून लॉरी सुरू झाली. मागं पोत्यांवर दोन हमाल चढले. पेठेतून बाहेर पडेपर्यंत कुंडलिकचा सदरा घामानं भिजला, पण गाडी कुणाला लागली नाही. तळ जवळून गेला तेव्हा त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. भिमाची गाडी तिथं नव्हती. म्हणजे म्हातारा परतीला लागला होता, आणि याच रस्त्यानं. कुंडलिक मनात म्हणायला लागला, आबा, कुठंतरी थांबा. काटेवाडीला चहा प्या. बैलं सोडा एखाद्या झाडाखाली. काहीही करा, पण रस्त्यात नका भेटू.

काटेवाडी मागं पडली. रस्ता खडीचा, दोन्हीकडं बाभळी, बाभळींमागं ऊस. मोहनराव खुशीत आले होते. हात बरा आहे, म्हणाले, घाई नाही तुझ्या हातात. कुंडलिकलाही जरा धीर आला. लॉरी आपल्या ऐकण्यात आहे असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. आणि पुढं एक उतार सुरू झाला, तशी उताराच्या तळाशी पेंडीची पोती लादलेली एक गाडी दिसली. मागून गाडीवानाचा पटका दिसला. पाखऱ्या आणि हौशा, दोन्ही बैल कुंडलिकनं पाठीवरून ओळखले असते. पाखऱ्याची तर माय व्यायल्यावर मेली होती, आणि त्याला कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून कुंडलिकनंच जगवला होता.

त्यानं भोंगा वाजवला. भिमानं मागं वळून पाहिलं. लॉरी पाहिली, मग लॉरीत बसलेलं पोरगं पाहिलं, आणि म्हाताऱ्याला तोंडभर हसू आलं. चाबकाचा हात त्यानं वर केला, जसा जत्रेत ओळखीच्या माणसाला करतात. लगेच तो गाडी डाव्या अंगाला घ्यायला लागला. वाट सोडायला त्याला पुरेसा वेळ होता. बैल वळलेही होते.

पण उतारावर मिठाचा भार लॉरीला ढकलत होता. कुंडलिकचा पाय ब्रेक शोधायला गेला आणि भलत्याच दांड्यावर पडला. इंजिन नुसतंच ओरडलं. त्याबरोबर पुण्याचं आवार, सोपान, लायसन, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. त्यानं स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं, पाठ मागं टाकली आणि जन्मभर जे ओरडत आला होता तेच ओरडला.

“होऽ! होऽ रं, होऽ!”

लॉरीनं ऐकलं नाही. बैलांनी ऐकलं. घरच्या पोराचा आवाज कानावर पडला तसे पाखऱ्या आणि हौशा होते तिथं उभे राहिले, गाडी निम्मी रस्त्यात आडवी ठेवून. भिमानं चाबूक ओढला, ओरडला, पण त्यांना थांबायला सांगितलं होतं आणि ते थांबले होते.

कुंडलिकनं कशी कोण जाणे, लॉरी उजवीकडं फिरवली. मडगार्ड गाडीच्या चाकाला लागलं, लाकूड मोडल्याचा आवाज झाला, आणि लॉरी उसाच्या बांधाला जाऊन टेकली. इंजिन बंद पडलं. एक पोतं फुटून मीठ रस्त्यावर सांडलं. माणूस, जनावर, कुणाला काही झालं नव्हतं. बैलगाडीचं एक चाक मात्र आरे तुटून वाकडं झालं होतं आणि पेंडीची पोती एका अंगाला कलली होती.

मोहनराव खाली उतरले ते सरळ भिमावर गेले. गाडी आडवी घालतोस? डोळे फुटलेत? बैल हाकता येत नाहीत तर घरी चूल फुंकत बस. असं बरंच काही, आणि त्याहून वाईटसाईट. भिमानं पटका काढून हातात घेतला होता. तो मोहनरावांकडं बघत नव्हता. त्याची नजर लॉरीच्या दाराशी उभ्या असलेल्या पोराला नखशिखांत तपासत होती, की कुठं लागलंय का. लागलेलं नाही हे दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो काही बोलणार, बहुतेक नावानं हाक मारणार, तेवढ्यात मोहनराव म्हणाले,

“बिनबापाचं पोरगं हाय हे. आज पयल्या दिवशी त्याच्या अन्नात माती कालवत हुतास तू.”

भिमाचा उघडलेला ओठ तसाच राहिला. कुंडलिक लॉरीच्या चाकाला टेकून उभा होता. आत्ता बोललं तर अजून वेळ गेलेली नाही, असं त्याला वाटलं. मग वाटलं, आता बोललं तर सगळंच गेलं. पाखऱ्यानं जू असलेली मान लांब करून त्याच्या कोपरावर जीभ फिरवली, रोजच्यासारखी. कुंडलिकनं ते तोंड हातानं बाजूला लोटलं. पाखऱ्याला त्यानं असं कधी लोटलं नव्हतं.

“बाप न्हाई व्हय याला?” भिमानं मोहनरावांना विचारलं.

“न्हाई.”

भिमानं पटका झटकला, पुन्हा डोक्याला गुंडाळला. गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला.

“मग संबाळून घ्या मालक,” तो म्हणाला. “पोराचा दोस न्हाई. माजंच बैल थबकलं.”

हमालांनी लॉरीला धक्का दिला, ती बांधावरून खाली आली. कुंडलिकनं हँडल फिरवलं, चढला आणि निघाला. आरशात बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी बघितलं. म्हातारा वाकून सांडलेलं मीठ बैलांच्या पायाखालून बाजूला करत होता, खुरांना लागू नये म्हणून.

इंदापूरपर्यंत मोहनराव बोलत होते. दुसरा असता तर बैलांच्या अंगावरच घातली असती, म्हणाले. तू गाडीवानाला ओरडून सावध केलंस, वेळेवर गाडी फिरवलीस, दोन वर्षं नाशिक लाईन उगाच नाही झाली. आपल्या अपराधाचं असं कौतुक ऐकणं ही भोगायची गोष्ट असते. कुंडलिकनं ती लासुर्णे, निमगाव असं करत करत सगळ्या रस्त्याभर भोगली. इंदापुरात पोती उतरल्यावर मोहनरावांनी त्याला हॉटेलात नेलं, समोर भजी ठेवली आणि उद्यापासून ये म्हणून सांगितलं. नोकरी मिळाली. ज्या गोष्टीसाठी एवढी वणवण केली ती मिळाली, आणि कुंडलिकच्या तोंडात भज्याचा घास नुसता फिरत राहिला. लाज वाटत होती. बापाची नाही, आपली, आणि ती अशी की समोरच्या माणसानं पाणी पुढं केलं तरी अंग चोरावं.

परतताना लॉरी काटेवाडीच्या अलीकडून गेली तेव्हा मोडकी गाडी रस्त्याच्या कडेला तशीच होती, जू जमिनीला टेकवलेलं. बैल नव्हते. कुंडलिकनं लॉरी बारामतीला लावली आणि अंधार पडल्यावर चालत वाडी गाठली.

घरात लापशीचा वास सुटला होता. कुंडलिकला लॉरीवर बसलेला पाहिलं, ही बातमी कुणा गाडीवानानं त्याच्याआधीच वाडीत आणली होती. ठमाबाईनं दारातच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. डोळ्याला पदर लावला, हसली, आणि म्हणाली, आधी आबांच्या पाया पड, त्यांनीच धाडलं तुला पुण्याला. गाडीचं चाक मोडल्याचंही तिनं सांगितलं. दगडावरून गेलं म्हणे. नेमकं आजच मोडायचं होतं.

भिमा गोठ्यात वैरण टाकत होता. कुंडलिक वाकला. आबा पाय मागं घेतील असं त्याला वाटलं होतं, निदान तशी आशा होती. भिमानं पाय मागं घेतले नाहीत. नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. ठमाबाई लापशी वाढायला आत गेली, तसा तो खालच्या आवाजात म्हणाला,

“मी कशानं गेलो म्हून सांगितलंस?”

कुंडलिक खाली वाकून सांडलेली वैरण गोळा करायला लागला.

“मालक बाजारात कुणाला इचारंल, कुणी मला इचारंल. बोलण्यात मेळ पायजे. कशानं गेलो?”

“त्यांनी इचारलंच न्हाई, आबा.”

“इचारतील कवातरी. पान लागलं म्हण.” पान लागलं म्हणजे साप चावला, वाडीत सापाचं नाव घेत नसत. “आजार म्हणलास की लोक खोलात शिरत्यात. आन् मी आता बाजारात पलीकडच्या वाटंनं जाईन. तू तेवढं गाडीवर असताना ओरडू नको. बैलास्नी तुजा आवाज ठावं हाय.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ढेपा कुठं लादायच्या, दोर कुठं आवळायचा, हे तो ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात त्यानं हेही सांगितलं. रागावला असता तर कुंडलिक पाय धरून रडला असता, मोकळा झाला असता. आता धरायला काही नव्हतं.

ठमाबाई लापशीची ताटली घेऊन बाहेर आली. ती आपल्याच नादात होती. उद्या दह्याचं गाडगं घेऊन बारामतीला जायचं तिनं ठरवलं होतं. ज्यानं माझ्या पोराला पोटाला लावलं त्या मालकाला एकदा हात जोडून येते, म्हणाली. त्यासाठी तिनं शेजारच्या बनाबाईचं नवं लुगडंही मागून ठेवलं होतं.

“तू नको जाऊ,” भिमा म्हणाला.

“का बरं?”

 भिमा पाखऱ्याची मान खाजवायला लागला. ठमाबाई एकदा नवऱ्याकडं, एकदा पोराकडं बघत राहिली. दिवा तिच्या हाताशी होता आणि कपाळावरचं आडवं कुंकू उजेडात ठसठशीत दिसत होतं. कुंडलिकचं लक्ष तिथं गेलं. वखारीत त्यानं एकच शब्द उच्चारला होता. त्या शब्दानं हे कुंकूही पुसलं होतं, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आज बाप लपवला, उद्या आई लपवायची. परवा गोठ्यातली बैलं.

“आई, तू ये उद्या,” तो म्हणाला. “आबा, तुमी बी या. मालकाला मी सांगतो.”

“काय सांगतोस?” ठमाबाईनं विचारलं.

त्यानं जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. नाशिक लाईन सांगितली, वखारीतला प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं. नारळ कुणी फोडला ते सांगितलं. उतारावर काय झालं आणि चाक कशानं मोडलं तेही सांगितलं. ठमाबाई ओरडली नाही. हातातली ताटली तिनं खाली ठेवली, पदरानं हात पुसले, आणि पुसत राहिली.

 बैल वैरण खात होते, तेवढाच आवाज.

“नोकरी ऱ्हाईल का?” भिमानं विचारलं.

“ठावं न्हाई.”

भिमानं उरलेली वैरण गव्हाणीत सारली, हात झटकले आणि घराकडं वळला.

“मग पहाटंच निघाया पायजे,” तो म्हणाला. “गाडीला चाक न्हाई. चालत जावं लागंल.”